सर, ‘ट्रस्ट’ दाबू का? एका महाविद्यालयाच्या वायफायचं प्रकरण

ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या महाविद्यालयाला सायबर पोलिसांचं पत्र आलं. त्यात एक आयपी ॲड्रेस, एक तारीख आणि रात्रीची 11 वाजून 42 मिनिटं ही वेळ दिली होती. त्या वेळी कुणीतरी खोटं खातं उघडून आमच्याच एका विद्यार्थिनीचे फोटो टाकले होते. आयपी आमचा होता. तेव्हा हे कनेक्शन कोण वापरत होतं, एवढंच पोलिसांना हवं होतं.

आम्हाला ते सांगता आलं नाही. प्राचार्यांच्या सहीने जे उत्तर गेलं ते मीच लिहिलं होतं: वायफायचा पासवर्ड सर्वांसाठी एकच असल्याने व्यक्ती निश्चित करता येत नाही. ती मुलगी महिनाभर घरी राहिली. तक्रारीचा पुढे काही निकाल लागला नाही. मी या महाविद्यालयाचं नेटवर्क सांभाळतो. त्या वाक्यानंतर आम्ही जे काम केलं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. आमच्यासारख्याच अवस्थेतल्या संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा.

महाविद्यालय पश्चिम महाराष्ट्रातलं, तालुक्याच्या गावाबाहेरचं, अभियांत्रिकीचं. साधारण दोन हजार विद्यार्थी, मुलांचं आणि मुलींचं अशी दोन होस्टेलं. वायफायचा पासवर्ड दर जूनमध्ये बदलायचा आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचायचा. मेसमध्ये वॉटर कूलरच्या वर कुणीतरी तो निळ्या मार्करने लिहून ठेवला होता. मेसचे आचारी, गवंडीकामाला आलेले लोक, चार वर्षांपूर्वी पास झालेली मुलं, सगळे त्याच पासवर्डवर.

हा धोका महाराष्ट्राला नवा नाही. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. पुढच्याच महिन्यातल्या तशाच ईमेलचा माग मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या वायफायपर्यंत गेला. त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवणाऱ्या परवानाधारकांसाठी वायफायवर केंद्रीय पद्धतीने ओळख तपासण्याच्या सूचना काढल्या. आमचं पत्र त्यानंतर चौदा वर्षांनी आलं.

लॉगिनचं पान का नको होतं

पत्रानंतर आधी सुचवला गेला तो सोपा मार्ग: वायफाय उघडं ठेवायचं आणि जोडल्यावर ब्राउझरमध्ये नाव-पासवर्ड विचारणारं पान दाखवायचं. हॉटेलात असतं तसं. एका विक्रेत्याने कोटेशनही दिलं होतं. मी ठाम विरोध केला. ते पान एकदा विचारतं आणि मग फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्या यंत्राचा ओळखक्रमांक, लक्षात ठेवतं. दुसऱ्याचा मॅक ॲड्रेस उचलून आपल्या लॅपटॉपला लावणं हे सेकंड इयरच्या मुलाला दहा मिनिटांचं काम आहे. म्हणजे नोंदीत नाव एकाचं आणि कृत्य दुसऱ्याचं. चुकीचं नाव दाखवणारी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे निरपराध मुलगा पोलीस ठाण्यात बसू शकतो. शिवाय हवेतून जाणारा मजकूर उघडाच राहतो.

एका सामाईक पासवर्डाचं वायफाय त्याहून बरं दिसतं, पण तिथेही पेच आहे. डब्ल्यूपीए-टू या नेहमीच्या वायफाय-सुरक्षा पद्धतीत फोन जोडताना ॲक्सेस पॉइंटशी, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याशी, चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड माहीत असलेल्या कुणीही ते चार निरोप हवेतून टिपले, की त्या फोनचं पुढचं सगळं बोलणं त्याला उलगडता येतं. दोन हजार लोकांना माहीत असलेला पासवर्ड म्हणजे दोन हजार लोकांना ती मुभा.

म्हणून ठरलं ते 802.1एक्स, म्हणजे प्रत्येकाची ओळख वेगळी तपासून नेटवर्कमध्ये घेण्याची पद्धत. होस्टेलच्या फाटकावरून ते चटकन समजतं. वॉचमन स्वतः कुणाला ओळखत नाही. आलेला माणूस बंद लिफाफा देतो, वॉचमन तो न उघडता आत ऑफिसात नेतो, ऑफिस सोडा म्हणालं तरच फाटक उघडतो. ॲक्सेस पॉइंट हा वॉचमन, ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर हे ऑफिस. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि प्रत्येक जोडणीला हवेतली किल्लीही वेगळी. शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही तुमचं बोलणं वाचता येत नाही. सर्व्हरने उत्तर देताना सोबत व्हीलॅनचा (त्याच यंत्रणेतल्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) क्रमांक पाठवला, की विद्यार्थी, शिक्षक आणि ऑफिस एकाच वायफायवर राहूनही वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये पडतात.

स्वतःचं नवीन नाव प्रसारित करण्याऐवजी आम्ही एज्युरोम घेतलं. ही कल्पना 2002 मध्ये नेदरलँड्सच्या सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्कमधल्या क्लास विरेंगा यांनी मांडली. आपल्या संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या संस्थेत वायफाय मिळतं, आणि आज शंभराहून अधिक देश-प्रदेशांत ते चालतं. भारतात त्याची धुरा अर्नेट या शिक्षण-संशोधन नेटवर्ककडे आहे. आमचे प्राध्यापक बाहेर परिषदेला जातात, त्यांना हा फायदा उघड होता. मला मात्र एज्युरोमसोबत येणारं फोन जुळवून देणारं ॲप हवं होतं. ते का, हे पुढे येईल.

पासवर्ड कुठे आणि कसा ठेवला आहे

सर्व्हरसाठी फ्री-रेडियस हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. दोन मशीन, दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळ्या यूपीएसवर, कारण पावसाळ्यात महावितरणची लाइन कधी जाईल याचा नेम नाही. मेन बिल्डिंग अंधारात गेली तरी होस्टेलचं वायफाय चालू राहिलं पाहिजे. बसवणं दोन दिवसांत झालं. आधीच्या विक्रेत्याने काही वर्षांपूर्वी एक रेडियस सर्व्हर अर्धवट लावून सोडला होता. तो उघडून पाहिला तर सर्व ॲक्सेस पॉइंटसाठीचा गुपित शब्द ‘टेस्टिंग123’. फ्री-रेडियस डाउनलोड केल्यावर चाचणीसाठी आत जो नमुना मिळतो, तोच तसाच. जगातल्या प्रत्येक नेटवर्कवाल्याला तो पाठ आहे. आम्ही प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला वेगळा, यंत्राने तयार केलेला लांब शब्द दिला आणि ही सगळी वाहतूक स्वतंत्र मॅनेजमेंट व्हीलॅनवर टाकली.

हे काम चालू असतानाच, 9 जुलै 2024 ला, ब्लास्ट-रेडियस हा दोष जाहीर झाला. रेडियस अजून एमडी-फाइव्ह या जुन्या, कमकुवत गणिती पद्धतीवर उभा आहे आणि मध्ये बसलेला माणूस नकाराचा होकार करू शकतो, असा तो दोष. वायफायची 802.1एक्स वाहतूक त्यातून वाचते, कारण तिच्या प्रत्येक पाकिटात (नेटवर्कवरून एकेका तुकड्यात जाणाऱ्या निरोपात) तो वाटेत बदलला नसल्याची खूण, मेसेज-ऑथेंटिकेटर, असतोच. पण आमच्या स्विचवर ॲडमिन म्हणून लॉगिन करणंही त्याच रेडियसवरून चालायचं, आणि ते उघडं होतं. त्याच आठवड्यात दोन्ही सर्व्हर अपडेट केले आणि मेसेज-ऑथेंटिकेटर नसलेलं पाकीट नाकारायचं, असं बसवलं.

खरी चर्चा झाली ती लिफाफ्याच्या आत काय असावं यावर. बहुतेक ठिकाणी लिफाफा पीईएपी पद्धतीचा आणि आत एमएस-चॅप-टू ही पासवर्ड तपासण्याची पद्धत वापरतात, कारण प्रत्येक फोनला ते येतं. आम्हाला ते करता येत नव्हतं. आमच्या डिरेक्टरीत पासवर्ड सॉल्ट घालून हॅश केलेले, म्हणजे मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा रूपात, आहेत आणि एमएस-चॅप-टूला मूळ पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश हा कमकुवत प्रकार लागतो. तो ठेवायचा म्हणजे दोन हजार जणांचे पासवर्ड कमकुवत रूपात साठवायचे. त्यातून 2012 च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं, की एमएस-चॅप-टू फोडणं म्हणजे 56 बिटांची, म्हणजे आज सहज शोधता येण्याइतकी छोटी, एक डीईएस किल्ली शोधणं. दुसरा मार्ग म्हणजे टीटीएलएस पद्धतीचा लिफाफा आणि आत पीएपी. यात पासवर्ड एन्क्रिप्टेड बोगद्यातून जसाच्या तसा सर्व्हरपर्यंत जातो. साठवण मजबूत राहते, पण बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला आपलाच सर्व्हर आहे याची खात्री फोनने करून घेतलीच पाहिजे.

महाविद्यालयाच्या मालकीच्या लॅपटॉपना आम्ही ईएपी-टीएलएस दिलं, म्हणजे पासवर्डच नाही, प्रत्येक मशीनला स्वतःचं सर्टिफिकेट, ओळख पटवणारा डिजिटल दाखला. विद्यार्थ्यांच्या फोनसाठी टीटीएलएस.

पाच फोनांची चाचणी

जून 2024 मध्ये प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन नेटवर्क लॅबमध्ये एक प्रयोग केला. पाच सहकारी आपले फोन घेऊन आले. प्रत्येकाला खोटं नाव आणि खोटा पासवर्ड दिला आणि त्यांतल्या तिघांना आपापल्या पद्धतीने वायफायला जोडायला सांगितलं. जोडून झाल्यावर मी खरा ॲक्सेस पॉइंट बंद केला आणि टेबलाखालच्या लॅपटॉपवरून त्याच नावाचं वायफाय सुरू केलं. सर्टिफिकेट त्याच सकाळी घरी बनवलेलं, त्यावर महाविद्यालयाचं नाव मीच टाइप केलेलं.

पहिल्या अँड्रॉइड फोनवर जोडताना ‘डू नॉट व्हॅलिडेट’, म्हणजे सर्टिफिकेट तपासू नका, निवडलेलं होतं. तो काहीही न विचारता जोडला गेला. माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली: नाव, आणि पुढे पासवर्ड, अक्षरन्‌अक्षर. दुसरा तसाच. मग एका मॅडमच्या आयफोनवर सर्टिफिकेट दिसलं आणि वर उजव्या कोपऱ्यात ‘ट्रस्ट’. त्यांनी फोन माझ्याकडे वळवून विचारलं, “सर, ट्रस्ट दाबू का?” मी म्हटलं, “मी इथे नाही असं समजा.” त्यांनी सर्टिफिकेटवरचं महाविद्यालयाचं नाव वाचलं आणि दाबलं. तिसरी ओळ उमटली. उरलेले दोन फोन मी आदल्या दिवशी स्वतः जुळवले होते. त्यांत आमच्या सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं मूळ सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं पूर्ण नाव दोन्ही घातलेलं होतं. ते दोन्ही फोन खोट्या वायफायकडे फिरकले नाहीत.

त्या मॅडम पंचवीस वर्षं शिकवतात, काळजीपूर्वक काम करतात. त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. फोनने त्यांना असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती त्यांच्याकडे नव्हती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: सर्व्हर किती चांगला लावला यापेक्षा फोन सर्व्हरला ओळखतो का, यावर सगळी सुरक्षितता टेकलेली आहे. माणसाला तो प्रश्न पडू देणं हीच नेटवर्क सांभाळणाऱ्याची चूक. अँड्रॉइड 11 पासून गुगलने ‘डू नॉट व्हॅलिडेट’ काढायला सुरुवात केली हे चांगलं झालं, पण होस्टेलमध्ये जुने फोन भरपूर आहेत.

प्रयोगानंतर तीन निर्णय झाले. हाताने जोडणी कुणीही करायची नाही. एज्युरोमचं ॲप टाकायचं, यादीतून महाविद्यालय निवडायचं, नाव-पासवर्ड एकदा द्यायचा, बाकी मूळ सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव ॲप स्वतः बसवतं. दुसरा, सर्टिफिकेट आमच्या स्वतःच्या यंत्रणेचं. बाजारातल्या सार्वजनिक कंपनीचं सर्टिफिकेट कुणीही आपल्या डोमेनसाठी मिळवू शकतो, आणि फोनने नाव तपासलं नाही तर तेही चालून जातं. मूळ किल्ली इंटरनेटपासून तोडलेल्या मशीनवर तयार करून दोन पेन ड्राइव्हवर घेतली. एक प्राचार्यांच्या तिजोरीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. तिसरा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वायफायचा पासवर्ड परीक्षा-पोर्टलच्या पासवर्डपासून वेगळा केला. तो यंत्र तयार करतं आणि ॲपमध्ये एकदाच टाकायचा असतो. उद्या कुणाच्या हाती पडलाच, तरी त्याने गुणपत्रिका उघडत नाही.

मुलींच्या होस्टेलचे लॅपटॉप

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळीकडे चालू झालं आणि एकाच ठिकाणी अडलं. मुलींच्या होस्टेलच्या अभ्यासिकेत महाविद्यालयाचे बारा लॅपटॉप आहेत. एकही जोडला जाईना. तेच लॅपटॉप मेन बिल्डिंगमध्ये आणले की चटकन जोडले जायचे. त्याच अभ्यासिकेत मुलींचे फोन मात्र व्यवस्थित चालत होते. सर्व्हरच्या लॉगमध्ये नकार नव्हता. संवाद सुरू व्हायचा, पाच-सहा पाकिटं यायची-जायची आणि मग शांतता.

फोन चालतात, लॅपटॉप नाही, आणि तेही एकाच इमारतीत, यातच उत्तर होतं. टीटीएलएसमध्ये फोन स्वतःचं सर्टिफिकेट पाठवत नाही. ईएपी-टीएलएसमध्ये लॅपटॉपला ते पाठवावं लागतं, आणि ते मोठं असतं. ॲक्सेस पॉइंट त्याचं रेडियस पाकीट बांधतो तेव्हा ते 1500 बाइटांच्या, म्हणजे एका पाकिटाच्या नेहमीच्या मर्यादेच्या, वर जातं आणि वाटेत त्याचे दोन तुकडे होतात. होस्टेल आणि सर्व्हर यांच्या मध्ये फायरवॉल आहे. रात्री साडेनऊला फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना पाकिटं टिपायला लावली आणि एका लॅपटॉपवर जोडणीचं बटण दाबलं. होस्टेलच्या बाजूला दोन तुकडे दिसले. सर्व्हरच्या बाजूला एक. फायरवॉलमध्ये ‘तुकडे टाकून द्या’ अशी खूण कधीकाळी कुणीतरी करून ठेवलेली होती. रेडियसच्या वाहतुकीपुरती ती काढली. रेक्टर मॅडम दाराशी उभ्या होत्या. एकामागून एक बारा स्क्रीन जोडल्या गेल्या, तेव्हा त्या आत येऊन खुर्चीत बसल्या.

कॉम्प्युटर लॅबमधल्या एका जुन्या मशीनने असाच वेळ खाल्ला. सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही, असं ते म्हणत होतं. मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि मशीनच्या मते साल 2010 चालू होतं. नवा सेल घातला, प्रश्न मिटला.

बायोमेट्रिक हजेरीची यंत्रं, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना 802.1एक्स येत नाही. त्यांना वेगळं लपलेलं नाव न देता साधं वेगळं वायफाय दिलं. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पासवर्ड, आणि तिथून फक्त त्यांच्या त्यांच्या सर्व्हरपर्यंत वाट.

नोंदी, आणि त्या कुणी पाहायच्या

पोलिसांच्या प्रश्नाचं उत्तर एकट्या रेडियसमधून येत नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण बसवताना त्याची खोली कळली. पत्रात असतो तो बाहेरचा आयपी, आणि त्यामागे शेकडो फोन असतात. म्हणून फायरवॉलची नोंद हवी: कोणत्या आतल्या आयपीने, कोणत्या पोर्टवरून, किती वाजता. मग रेडियसची अकाउंटिंग नोंद: तो आतला आयपी त्या वेळी कोणाच्या नावावर होता. दोन्ही घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असला, तरी बोट भलत्याच मुलाकडे जाऊ शकतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत नोंदी 180 दिवस भारतातच जपायला आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. आम्ही दोन्ही केलं. फोन हल्ली प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक ॲड्रेस देतात, त्याची आता अडचण नाही. नोंद माणसाच्या नावाला बांधलेली आहे.

पण याच नोंदीत आणखी काही असतं. कोणता फोन किती वाजता कोणत्या ॲक्सेस पॉइंटला होता, म्हणजे कोणती मुलगी किती वाजता कुठे होती. सप्टेंबरमध्ये एका जबाबदार व्यक्तीकडून मला तोंडी विचारणा झाली, की एक विद्यार्थिनी रविवारी रात्री नऊनंतर कुठे होती ते बघून सांगा. हेतू वाईट नव्हता, काळजीच होती. मी नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेलो. ज्या मुलीसाठी आपण हे सगळं उभं केलं, तिच्याचसारख्या मुलींवर नजर ठेवायला ते वापरलं, तर मग त्यांनी आमच्या वायफायला का जोडून घ्यावं? दोन पानांचा नियम झाला. नोंद पाहायची ती पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या लेखी मागणीवर, प्राचार्यांच्या लेखी आदेशाने, दोघांच्या उपस्थितीत, आणि प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये सही करून. पालक, रेक्टर, विभागप्रमुख यांच्या मागणीवर नाही. 180 दिवसांनंतर नोंदी आपोआप पुसल्या जातात. हा नियम इंग्रजी आणि मराठीत दोन्ही होस्टेलांच्या नोटीस बोर्डावर लावला. माझ्या मते हे काम सर्टिफिकेटांइतकंच तांत्रिक आहे.

जुना सामाईक पासवर्ड 30 सप्टेंबर 2024 ला बंद केला. त्याआधी आठवडाभर संध्याकाळी सहा ते नऊ मेसच्या दाराशी टेबल टाकून बसलो. बहुतेकांचं काम तीन मिनिटांत व्हायचं. मेसच्या मावशींचा फोन इतका जुना निघाला, की त्यावर ॲपच चालेना. त्यांच्या फोनमध्ये सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव मी हाताने घातलं, ‘व्हॅलिडेट’ चालू असल्याचं दोनदा पाहिलं, आणि त्यांना सांगितलं की फोनने कधी काही विचारलं तर काहीही दाबू नका, सरळ माझ्याकडे या.

सर्व्हरचं सर्टिफिकेट दोन वर्षांचं आहे. ॲपलने 1 जुलै 2019 नंतर दिलेल्या सर्टिफिकेटांना 825 दिवसांची मर्यादा घातली असल्याने त्याहून लांब करता आलं नाही. ते मे 2026 मध्ये संपतं. ती तारीख माझ्या, प्राचार्यांच्या आणि लॅब असिस्टंटच्या कॅलेंडरात आहे. मूळ तेच राहणार, नाव तेच राहणार, म्हणून नवं सर्टिफिकेट लावल्यावर ॲपने जुळवलेल्या एकाही फोनने कुणाला काही विचारता कामा नये. आधी दुसऱ्या सर्व्हरवर लावून, त्या मॅडमच्या आयफोनसकट आमचे पाच फोन घेऊन ते तपासायचं ठरलं आहे.